कामामुळे होणारे आजार आणि अपघात: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघात डोळ्यांना दिसतो. आजार कामामुळेच झाला, हे कसं ठरवतात?

अपघाताला तारीख असते. प्रेसखाली बोट गेलं किंवा सेंट्रिंगच्या फळीवरून माणूस खाली आला, की तो दिवस घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतो. आजार हळूहळू येतो. दगडाच्या धुळीतली सिलिका छातीत साचून दम लागायला बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं जातात. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कॅन्सर तर वीस ते चाळीस वर्षांनी वर येतो. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, माणूस कुठेतरी चौकीदारी करत असतो आणि ओपीडीत त्याला जुन्या कामाबद्दल कुणी विचारत नाही.

म्हणून संशोधक तीन गोष्टी जुळतात का ते बघतात. त्या कामात तो पदार्थ किंवा तो ताण खरोखर होता का, आजार त्याच्या नंतर आणि पटेल इतक्या काळानं आला का, आणि तेच काम करणाऱ्या इतरांमध्ये तो आजार बाकीच्यांपेक्षा जास्त आहे का. एका माणसाकडे बघून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी शेकडो माणसांची नोंद लागते आणि घोडं तिथेच अडतं.

जगात कामामुळे किती माणसं दगावतात?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून अंदाज दिला: २०१६ या एका वर्षात सुमारे १९ लाख. त्यातले अपघाती मृत्यू जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी सगळे आजारांनी. यादीत सगळ्यात वर धूळही नव्हती, रसायनंही नव्हती. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम, हे सुमारे साडेसात लाख मृत्यूंमागचं कारण निघालं. हृदयविकार आणि पक्षाघात, दोन्ही धरून. बारा तासांच्या ड्यूटीवर उभ्या असलेल्या सिक्युरिटी गार्डला हा आकडा सांगितला तर तो हसतो, कारण त्याच्या आठवड्याचे तास ७२ पासून सुरू होतात.

केसपेपरवर "व्यवसाय" लिहिलेला असतोच की. मग सर्वेक्षणात पुन्हा का विचारता?

कारण तिथे "मजुरी" लिहिलेलं असतं. किंवा "खाजगी नोकरी". बाईमाणूस असेल तर सरसकट "गृहिणी", मग ती दिवसभर विटा वाहत असली तरी. रोग्याला त्याचं काम विचारा, हा सल्ला इटलीतल्या मोडेना गावच्या बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरनं १७०० साली छापून ठेवला. तीनशे वर्षं उलटून गेली, केसपेपरवरचा तो रकाना अजून अर्ध्या बोटाचाच आहे.

विचारायचं म्हणजे कसं, तेही सांगतो. हिंगण्याकडच्या एका मुलाखतीसारखी ही मुलाखत:

"काका, काम काय करता?"
"कंपनीत जातो."
"कोणत्या कामावर?"
"हेल्पर."
"म्हणजे दिवसभर हातानं काय करता?"
"पावडरच्या गोण्या फोडतो अन् हॉपरमधी टाकतो."
"कसली पावडर?"
"पांढरी. दगडाची असते म्हनतात. घरी गेलो का बायको अंगनातच कपडे झटकते."

"हेल्पर" या नोंदीवरून काहीही कळलं नसतं. शेवटच्या उत्तरानंतर बहुधा क्वार्ट्झची, म्हणजे सिलिका असलेल्या दगडाची, पावडर आणि घरापर्यंत येणारी धूळ असं सगळं समोर आलं. आता छातीचा एक्स-रे कशासाठी बघायचा ते ठरतं. अंगणात कपडे झटकणाऱ्या बायकोलाही तपासायला बोलवायला हवं, तेही कळतं.

नागपूर भागात कोणत्या कामांकडे लक्ष द्यायला हवं?

इथे कामांचे जेवढे प्रकार आहेत तेवढे फार थोड्या शहरांभोवती असतील. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल, म्हणजे कोळसा आणि मँगनीज, दोन्हींची मुख्यालयं नागपुरात. उमरेड, सावनेर, कामठी या बाजूला कोळसा. मनसर, कांद्री, गुमगाव या बाजूला मँगनीज. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसी, कळमन्याचा बाजार, अमरावती रस्त्यानं पुढे स्फोटकांचे कारखाने. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालयही इथेच आहे. शिवाय कापूस आणि संत्रं आहेतच.

यातलं मँगनीज लोकांना निरुपद्रवी वाटतं, म्हणून त्याबद्दल दोन शब्द जास्त. मँगनीज शरीराला चिमूटभर लागतंच. त्याची बारीक धूळ किंवा धूर वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर मात्र ते मेंदूत, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात साचतं. चाल बिघडते, चेहरा भावहीन होतो, अक्षर आणि बोलणं बदलतं. स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांमधली ही लक्षणं जॉन कूपर यांनी १८३७ सालीच लिहिली. दिसायला पार्किन्सनसारखं, म्हणजे कंपवातासारखं, पण पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाला फारसं दाद देत नाही. रोगी आधी खूप चिडचिडा किंवा विनाकारण हसरा-रडका होतो, त्यामुळे घरचे बाहेरचं काही झालंय म्हणून भगताकडे नेतात. हा धोका खाणीपुरता समजू नका. वेल्डिंगच्या रॉडमध्येही मँगनीज असतं, आणि बंद टाकीच्या आत बसून वेल्डिंग करणाऱ्याच्या नाकाशी तो धूर थेट जातो.

सुट्टीनंतर सोमवारी जास्त त्रास होतो. मन लागत नाही म्हणून असेल का?

ते कारण प्रत्येकाला असतंच! पण वार विचारणं हा या संशोधनातला जुना आणि कामाचा प्रश्न आहे.

कापसाचं घ्या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि पुढची शंभरेक वर्षं शहराच्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटली. कापूस पिंजण्याच्या, कार्डिंगच्या खात्यात धूळ सगळ्यात जास्त. तिथल्या कामगाराची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते, आठवडा सरता सरता हलकी होते आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. हा बिसिनोसिस. रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांत याच्या पायऱ्या ठरवल्या: आधी फक्त सोमवार, मग इतरही वार, शेवटी कायमचा दम. पहिल्या पायरीवर धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सावरतो. शेवटच्या पायरीवर त्याला आणि बिडीमुळे दमा झालेल्याला वेगळं ओळखणं कठीण जातं. मिल गेली, पण जिनिंग-प्रेसिंग विदर्भात सगळीकडे आहे आणि ते हंगामी असतं. हंगामी कामगाराला सोमवारच्या जोडीला दिवाळीनंतरचे पहिले दिवसही विचारावे लागतात.

स्फोटकांमधलं नायट्रोग्लिसरीन याच्या उलट वागतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून हृदयरोग्याच्या जिभेखाली गोळी म्हणूनही तेच ठेवतात. कामावरच्या पहिल्या दिवशी डोकं ठणकतं, मग शरीराला सवय होते. सुट्टी लागली की ती सवय अंगावर उलटते, वाहिन्या आखडतात आणि रविवारी घरी बसलेल्या धडधाकट माणसाच्या छातीत कळ येते. डायनामाइट बनवणाऱ्या कामगारांमध्ये सुट्टीच्या दिवसांतले असे मृत्यू नोंदले गेले आहेत. मृत्यू घरी झाला, म्हणून कारखान्याच्या खात्यात तो कधी येतच नाही.

टीबीचं औषध संपलं, दम काही जात नाही. पुन्हा टीबीच असेल का?

असूही शकतो, पण दगड, क्रशर, बोअरवेल, सँडब्लास्टिंग, फाउंड्री किंवा काच-क्वार्ट्झ यांपैकी कुठेही काम केलं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, एक्स-रे टीबीसारखा दिसू शकतो. घोळ वाढवणारी गोष्ट अशी, की सिलिकामुळे फुप्फुसाची प्रतिकारशक्ती कमी होते आणि खराखुरा टीबी होण्याची शक्यताही वाढते. म्हणजे एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, आणि थुंकीत जंतू सापडले की सिलिकोसिसकडे कुणी बघत नाही.

मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं केला होता. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना सिलिकोसिस निघाला. शाळेतल्या पेन्सिलीमागे हे होतं. या आजारावर बरं करणारं औषध नाही. पाणी मारून दगड फोडणं, धूळ निघते तिथेच ओढून घेणं, हे उपाय आहेत. तोंडाला बांधलेला दुपट्टा नाही, कारण घात करणारे कण त्याच्या विणीतून आरामात जातात.

सगळ्यात धोकादायक काम कोणतं?

पत्रकार हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर भागाकारावर अवलंबून आहे. वर कितीही आकडा असो, खाली काय ठेवता? दर हजार कामगारांमागे, दर दहा लाख कामाच्या तासांमागे, की दर दहा लाख टन कोळशामागे? उत्पादन यंत्रांनी वाढलं की टनामागचे मृत्यू आपोआप कमी दिसतात, कामगाराचा धोका तेवढाच राहिला तरी.

दुसरं, मोठा स्फोट बातमीत येतो. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, ते सगळ्या देशानं वाचलं. त्याच काळात एकेक करून इमारतीवरून पडलेले गवंडी, ट्रॅक्टरखाली आलेले सालगडी, रात्री ट्रकनं उडवलेले डिलिव्हरीवाले यांची बेरीज कुणी केली नाही. डिलिव्हरीवाल्याचा मृत्यू पोलिसांच्या वहीत रस्ता-अपघात म्हणून जातो. कारखान्यांची सरकारी आकडेवारी नोंदणी झालेल्या कारखान्यांपुरती, आणि देशातली दहातली नऊ कामकरी माणसं असंघटित क्षेत्रातली. माझं मत विचाराल तर ज्या कामाची नोंदच होत नाही ते सगळ्यात धोकादायक धरून चालावं.

गटारात उतरलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. असं का?

हायड्रोजन सल्फाइडमुळे. थोडं असताना सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की तो वायू वास घेण्याची ताकदच मारतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटून माणूस आत वाकतो. २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं जिवावर उदार होऊन उतरवायलाच बंदी आहे. दोरी, श्वासाला हवा, वायू मोजायचं मीटर नसेल तर वरच्यानं खाली उतरू नये, अग्निशमन दलाला बोलवावं.

वेगवेगळ्या कामांतल्या लोकांची तुलना करून काय कळतं?

लंडनच्या डबलडेकर बसचं उदाहरण देतो. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी होतो. पगारही जवळपास तोच आणि रस्ताही तोच. निष्कर्ष सरळ वाटला: हालचाल हृदयाला चांगली. मग त्याच मॉरिस यांनी युनिफॉर्मची मापं काढली. ड्रायव्हरच्या विजारीची कंबर नोकरीला लागतानाच मोठी होती! म्हणजे थोडा फरक कामानं पडला असेल, थोडा आधीपासूनच होता. आपल्याच निष्कर्षामागे असं टेप घेऊन लागणारा संशोधक विरळा. व्यायामाबद्दलचं त्यांचं म्हणणं पुढच्या अभ्यासांत टिकलं, ते वेगळं.

आपल्याकडे एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरची तशीच तुलना करायची झाली तर आणखी गुंता आहे. कंडक्टर गर्दीत उभा, पाठ आणि पाय दुखणार. ड्रायव्हरला इंजिनाची धग, हादरे आणि अवेळी जेवण. शिवाय ड्रायव्हरची डोळ्यांची आणि इतर तपासणी होऊन जो नापास होतो तो बाजूला काढला जातो.

हा शेवटचा मुद्दा सगळ्याच कामांना लागू आहे. खाणीत तपासायला गेलात तर तिथे धडधाकट माणसंच भेटतील, कारण ज्यांना झेपलं नाही ते गावी गेले. त्यामुळे कामगार सामान्य लोकांपेक्षा निरोगी दिसतात आणि मालक म्हणतो, "बघा, आमच्याकडे सगळे ठणठणीत." यावर तोड म्हणजे जुनी हजेरीपुस्तकं काढायची आणि नोकरी सोडलेल्यांना त्यांच्या गावात जाऊन शोधायचं. फार खर्चिक, फार कंटाळवाणं, आणि यावाचून गत्यंतर नाही.

नागपूरच्या उन्हाची आम्हाला सवय आहे. तरी त्याचा अभ्यास कशाला?

सवय थोडी मदत करते, हे खरं. उन्हात आठ-दहा दिवस हळूहळू काम वाढवलं तर शरीर लवकर घाम काढायला शिकतं. म्हणून उष्माघात बहुतेकदा नव्या माणसाला किंवा लग्नकार्याच्या सुट्टीवरून परतलेल्याला पहिल्या काही दिवसांत गाठतो.

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, मोबाइलवर धुमाकूळ झाला आणि मग हवामान खात्यानं सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. पण कामगारासाठी साधं तापमान पुरेसं नाही. संशोधक तीन तापमापक लावतात: एक साधा, एक ओल्या कापडातला आणि एक काळ्या गोळ्यातला, जो ऊन आणि तापलेल्या डांबराची धग पकडतो. उघड्यावर ओल्याला ७०, काळ्याला २० आणि साध्याला १० टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. समजा मे महिन्यात साधा ४५, ओला २४, काळा ५८. हिशेब करा, ३२.९ येतो. आता पावसानं दडी मारलेला जुलै: साधा फक्त ३३, ओला २८, काळा ४२. उत्तर ३१.३! जड कामाला २६ च्या आसपासच सावध व्हायचं असतं. म्हणजे मेमध्ये दुपारची सुट्टी देणारा ठेकेदार जुलैत "आता कुठे ऊन आहे?" म्हणून ती बंद करतो, तेव्हा अंगावरचा भार फारसा कमी झालेला नसतो.

बांधकामावरच्या बाया पाणी कमी पितात, कारण साइटवर संडास नाही. मूत्रमार्गाचे आजार आणि मुतखडा यांचा उगम असाही असतो. प्रश्नावलीत "पाणी किती पिता" विचारलं तर "पितो ना भाऊ" एवढंच उत्तर येतं. "लघवीला कुठे जाता" हे एका बाईनं बाईला विचारलं, तेव्हा खरं कळतं.

हमालाची पाठ दुखणारच, त्यात संशोधन काय?

कळमन्यात पहाटे उभं राहून बघा. दोघं जण लोखंडी हूक लावून पोतं उचलतात आणि वाकलेल्या तिसऱ्याच्या मानेखाली, खांद्यांवर टाकतात. तो क्षणभर जागेवरच डोलतो, तोल सावरतो आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायला लागतो. फळी लवते. पोतं पन्नास किलोचं. पाठ मोडते ती बहुधा चढताना मोडत नाही. पोतं अंगावर पडतं त्या झटक्याला आणि थप्पीवर टाकताना कंबरेत पिळा बसतो तेव्हा. "पाठ त दुखतेच ना भाऊ, त्याले काय पुसता," असं एक जण म्हणाला होता. म्हणून पाठ दुखते का असं न विचारता, गेल्या वर्षात दुखण्यापायी किती दिवस रोजी बुडाली, असं विचारावं.

कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं १९९१ मध्ये उचलण्याचं सूत्र सुधारलं. सगळं अगदी सोयीचं असताना त्यात जास्तीत जास्त २३ किलो धरतात. वाकणं, वळणं, वारंवार उचलणं आलं की तेही कमी होत जातं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस एका पुरुषाला ५५ किलोंपर्यंतची. दोन्हींत एवढं अंतर आहे. पोतंच ३० किलोचं शिवलं तर अर्ध्या दुखण्याला औषध लागणार नाही, पण पोत्याचं माप व्यापारी ठरवतो, हमाल नाही.

कान गेले हे कामामुळे की वयामुळे?

ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे कानाच्या तपासणीच्या, आलेखात बऱ्याचदा दिसतं. गोंगाटानं आधी ४००० हर्ट्झजवळ खड्डा पडतो आणि ८००० ला रेघ पुन्हा वर येते. वयानं ती सरळ उतरत जाते. आपल्याकडची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. शेजारच्याशी हातभर अंतरावरून ओरडून बोलावं लागत असेल तर मीटर आणायची वाट बघू नका.

फवारणीतली विषबाधा हा कामाचा आजार धरतात का?

धरायलाच हवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी विसेक माणसं मेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे पुष्कळ होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न जाता तोंडावर येत होता. कीटकनाशकांची मिश्रणं, दमट हवा, उघडं अंग हे सगळं त्यात मिळालं. शेतकऱ्याला कारखान्यासारखा मालक नाही, विमा नाही, म्हणून हा विषय "शेतीचा" म्हणून बाजूला ठेवतात.

सर्वेक्षणात खरं सांगितलं तर नोकरी जाईल का?

भीती रास्त आहे, "काही होत नाही" असं म्हणून ती उडवून लावू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तुमची समजून-उमजून संमती लागते, नकार दिला तरी तुमचं नुकसान होता कामा नये आणि नाव गुप्त राहायला हवं. मुलाखत सुपरवायझरच्या केबिनमध्ये घेत असतील तर उठून या. पैसा कंपनीचा आहे का, तुमचा रिपोर्ट कुणाला मिळणार आणि तुम्हाला मिळणार का, हे सही करण्याआधी विचारा.

भरपाई मिळते का?

यादीतला आजार असेल तर मार्ग सोपा होतो. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात कळवणं बंधनकारक असलेले २९ आजार होते; सिलिकोसिस, बिसिनोसिस, मँगनीजची विषबाधा, गोंगाटानं आलेलं बहिरेपण त्यांत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तिथेही अशी यादी आहे. भरपाईच्या कायद्याला स्वतःची वेगळी यादी आहे. तिच्यात तुमचा आजार आणि तुमचं काम दोन्ही बसलं, तर आजार कामामुळेच झाला असं गृहीत धरतात. तसं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. दावा साधारण दोन वर्षांच्या आत करावा. ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर आधी त्या दवाखान्यात जा.

नागपुरात हे संशोधन कुठे होतं?

खाण कामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्था इथेच होती. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. मेडिकल, मेयो आणि एम्स या इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागांतून विद्यार्थ्यांचे प्रबंध होतात. विद्यार्थ्यांना एक विनंती: त्याच त्या ट्रॅफिक पोलिसांचे फुप्फुस मोजू नका. संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या बाया, कूलरच्या खस टट्ट्या बांधणारे, भंगार फोडणारी पोरं यांच्याकडे फारसं कुणी जात नाही.

तपासणीला येताना काय आणावं?

जुने एक्स-रे, फिल्मसकट. फक्त रिपोर्ट नको. ईएसआयसी किंवा पीएफचा नंबर, जुना गेटपास, पगाराची चिठ्ठी, जे सापडेल ते. ठेकेदारामार्फत काम केलं असेल तर त्याचं नाव आणि मूळ कंपनीचं नाव, दोन्ही. आणि एका कागदावर पहिल्या कामापासूनची यादी: कोणत्या साली, कुठे, हातानं काय केलं. साल आठवत नसेल तर "मोठीच्या जन्माच्या आधी", "मिल बंद पडली त्या वर्षी" असं लिहिलं तरी चालतं, आम्ही साल काढून घेतो.